कॉलरची खूण

माझ्या उजव्या हाताच्या करंगळीला आणि तिच्या शेजारच्या बोटाला चहा गरम आहे की गार, हे अजून नीट कळत नाही. बाकी मी बरा आहे. औषधं केव्हाच संपली. सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरने शेवटच्या दिवशी माझी पाठ थोपटली आणि म्हणाली, "आता इकडे यायचं नाही. आलात तर पेढे घेऊन यायचं."

मला कुष्ठरोग झाला होता. हे साधं वाक्य लिहायला मी फार वर्षं घेतली. लोकांना सांगत आलो की खांदा गेला, म्हणून खेळ सुटला. मीरा रोडपासून उत्तनपर्यंत जे जे मला ओळखतात ते सगळे भेटले की खांद्याची चौकशी करतात. खांदा ठणठणीत आहे.

ज्याला कुणाला आज डॉक्टरने समोर बसवून हा शब्द सांगितला असेल आणि जो घरी येऊन आतून कडी लावून बसला असेल, त्याच्यासाठी हे लिहितोय. रोग बरा होतो. गोळ्या फुकट मिळतात, आणि त्या नेमाने सुरू झाल्या की लवकरच तुमच्यापासून कुणाला धोका राहत नाही. हे मलाही पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. माझा विश्वास बसला नाही. मी जन्मभर कुणावर पटकन विश्वास ठेवला नाही, आणि या आजारात खरं नुकसान झालं ते त्यापायी. माझं, आणि आणखी एका माणसाचं.

*

मी लेगस्पिनर होतो. मुंबईच्या मैदानांवर वाढलो. वडिलांनी निवृत्त झाल्यावर भाईंदर पश्चिमेला, राई गावाच्या अलीकडे ब्लॉक घेतला आणि आम्ही इकडे आलो. मुंबईच्या संघाच्या उंबऱ्यापर्यंत गेलो, आत कुणी घेतलं नाही. मग आखातात नोकरी लागली. कंपनीच्या गोदामात दिवसा पेट्या मोजायच्या आणि संध्याकाळी सिमेंटच्या पट्टीवर चटई टाकून बोलिंग करायची. तिथे राहण्याची अट पुरी झाल्यावर त्या देशाच्या संघात माझी निवड झाली. म्हणून मी आंतरराष्ट्रीय क्रिकेटर. इथे कुणाला सांगितलं की आधी प्रश्न येतो, "कुठल्या देशाकडून म्हणालात?" आणि मग हसणं.

पण खेळलो खरं. क्वालालंपूर, सिंगापूर, काठमांडू, नैरोबी. मधले दोन उन्हाळे इंग्लंडमधल्या एका गावच्या क्लबाकडून. तिथे बोलिंगची वेळ येईपर्यंत हात खिशात घालून उभं राहावं लागायचं, नाहीतर बोटंच वळायची नाहीत. माझी बायको सुनंदा हे सगळे देश हॉटेलांच्या छोट्या साबणांवरून ओळखते. "काठमांडूचा साबण काही फेसाळत नाही हो," असं म्हणते.

या सगळ्या प्रवासात माझ्या मागे, म्हणजे स्टंपांमागे, एकच माणूस होता. बस्त्याव. उत्तनजवळच्या पालीचा. घरची होडी, बापजन्मापासून मासेमारी. मी त्याला मोरवा गावच्या टेनिस बॉलच्या स्पर्धेत पहिल्यांदा कीपिंग करताना बघितलं आणि पुढे त्याला आमच्या कंपनीत चिकटवून घेतलं. "आमच्याकडं सगले जाली टाकून पकडतात, मी हातान् पकडतंय," असं तो स्वतःची ओळख करून देताना सांगायचा. आम्ही एका खोलीत राहिलो, एका स्टोव्हवर जेवण केलं, एका बादलीत कपडे भिजवले.

आमची एक खूण होती. गुगली टाकायची असेल तर रनअप सुरू करण्याआधी मी डाव्या हाताने कॉलर नीट करायचो. लेगब्रेक एका बाजूला वळतो, गुगली उलट्या बाजूला. बॅट्समनला ते कळू नये ही माझी विद्या, पण कीपरला कळलंच पाहिजे, नाहीतर तो भलत्या बाजूला जाणार. ही खूण जगात आम्हा दोघांनाच माहीत होती.

क्वालालंपूरच्या स्पर्धेत समोरच्या संघाचा एक डावरा बॅट्समन माझी गुगली आरामात ओळखून खेळत होता. सकाळी नाश्त्याला मी त्याला आणि बस्त्यावला एका टेबलावर हसताना बघितलं होतं. माझ्या डोक्यात किडा शिरला. याने खूण विकली. दुपारी मी ठरवून कॉलरला हात लावला नाही आणि गुगली टाकली. त्या वेळी समोर दुसराच बॅट्समन होता, उजवा. तो चुकला. बस्त्याव लेगब्रेक समजून एका बाजूला सरकला होता, चेंडू दुसऱ्या बाजूला गेला, त्याने शेवटच्या क्षणी डावा हात तिकडे फेकला. करंगळीच्या टोकावर बसला. तो आवाज मला मिडविकेटचा फील्डर ओरडत असतानाही ऐकू आला.

ग्लोव्ह काढून त्याने बोट बघितलं. माझ्याकडे बघून म्हणाला, "कॉलर इसरलास काय रं, दिगू?"

"विसरलो."

त्याने बोटाला पट्टी गुंडाळली आणि उरलेली मॅच तसंच कीपिंग केलं. हाड वाकडंच जुळलं. पुढे शेजारचं बोटही तसंच चेंडू खाऊन खाऊन वळलं. त्या रात्रीच मला दुसऱ्याच कुणाकडून कळलं की तो डावरा बॅट्समन गुगली माझ्या मनगटावरून ओळखायचा, सगळेच डावरे ओळखायचे. मी बस्त्यावला काही बोललो नाही.

*

पुढे काही वर्षांनी चेंडू हातातून निसटायला लागला. लेगस्पिनमध्ये चेंडू फिरवतं ते करंगळीशेजारचं बोट. ते ऐन वेळी कामावर यायचंच नाही. फुलटॉस जायचे. मी आधी चेंडूवर संशय घेतला, की कप्तान मुद्दाम मला जुना, फुगलेला चेंडू देतो. मग टॉवेलवर घेतला, कुणीतरी त्याला तेल लावतंय. एकदा तर मी सगळ्यांच्या किटबॅगा हुंगून बघितल्या.

त्याच सुमाराला माझी मोठी कीर्ती झाली होती. लेगस्पिनरच्या बोटाची कातडी फाटते, चेंडूची शिवण लागून लागून. बाकीचे स्पिनर कळवळतात, फेविक्विक लावतात, सुट्टी मागतात. माझं बोट फाटून पांढऱ्या पँटवर रक्त लागायचं आणि मी टाकत राहायचो. ड्रेसिंगरूममध्ये नवीन पोरांना सांगायचे, "दिगूभाई को देखो, दर्द नाम की चीज नहीं है." मी मान हलवून ते मान्य करायचो. मला वाटायचं, हे माझ्या मनाचं बळ.

कोपराच्या वर एक फिकट डाग होता. बाही दुमडून उन्हात उभं राहिल्यामुळे पडलाय, असं मी धरून चाललो होतो. व्हिसाच्या नूतनीकरणाआधी तिथे सगळ्यांची वैद्यकीय तपासणी व्हायची. का कोण जाणे, त्या तपासणीची मला भीती वाटली. खांदा दुखतोय म्हणून सुट्टी काढली आणि भाईंदरला आलो.

*

मीरा रोडला त्वचेचे डॉक्टर होते. तरुण, कमी बोलणारे. त्यांनी कोपराच्या मागे बोटांनी चाचपलं, डाग बघितला आणि म्हणाले, "डोळे मिटा. पेनाचं टोक जिथे लागेल तिथे दुसऱ्या हाताचं बोट ठेवून दाखवा."

मी दाखवत गेलो. मनगट, तळवा, अंगठा. मग बराच वेळ काहीच झालं नाही. मला वाटलं हा माणूस माझी परीक्षा बघतोय. मी डोळे न उघडता म्हटलं, "डॉक्टर, तुम्ही लावतच नाही आहात."

"उघडा डोळे."

पेन माझ्या करंगळीवर होतं. टोकाने कातडी दबून खळगा पडला होता.

मग त्यांनी तो शब्द सांगितला. माझी आई तो जुन्या नावाने, महारोग म्हणून, आणि तेही आवाज खाली घेऊन उच्चारायची. डॉक्टर साध्या आवाजात बोलले, हे मला तेव्हा फार क्रूर वाटलं. आज वाटतं, त्यांनी उपकार केले. त्यांनी सरकारी दवाखान्याची चिठ्ठी दिली. खाली आलो तर रस्त्यावर नेहमीसारखी भाजीवाल्यांची ओरड चालू होती. एका केळेवाल्याने सुटे हातात दिले तेव्हा मी हात मागे घेतला. तो म्हणाला, "क्या हुआ साहब, नोट फटा है क्या?"

दवाखान्यातली सिस्टर पन्नाशीची, मोठ्या आवाजाची. तिने विचारलं, "घरात कोण कोण? गेल्या काही वर्षांत कुणाबरोबर राहत होतात? सगळ्यांना एकदा घेऊन या. आत्ता डाग दिसला तर गोळ्यांवर काम भागतं. बोटं गेल्यावर आले तर मी काय करू?"

मी म्हटलं, "एकटाच राहतो."

तिने माझ्या इस्त्रीच्या शर्टाकडे आणि कपाळावरच्या गंधाकडे बघितलं. "बरं," म्हणाली. विश्वास ठेवला नाही तिने, हे मला दिसलं.

*

गोळ्यांची पाकिटं मी जुन्या क्रिकेट पॅडच्या आत कोंबून ठेवायचो. सुनंदाला आणि शाळेत जाणाऱ्या आमच्या केतकीला सांगितलं की खांद्याची औषधं बाहेरच घेतो. केतकीशी मी चेंडू झेलाझेली खेळायचो, ती बंद केली. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही रागावलात का?" मी पेपर वाचत बसलो. वास्तविक औषध सुरू झालं होतं, भीतीचं कारण उरलं नव्हतं. पण मला वाटायचं, दवाखानेवाले असं सगळ्यांनाच सांगत असतील, गोंधळ नको म्हणून.

आता मला शोधायचं होतं ते एवढंच, की हे मला कुणी दिलं. आखातातला न्हावी, इंग्लंडमधल्या घरमालकिणीची रजई, खानावळीतला रोट्या लाटणारा. दिवसभर गॅलरीत बसून मी माणसं आठवायचो आणि एकेकाचे हात डोळ्यांसमोर आणायचो. आणि मग एका दुपारी मला बस्त्यावचा हात दिसला. वाकडी करंगळी. वळलेलं शेजारचं बोट.

इथे मला नीट लिहायला हवं. ते बोट कसं वाकलं ते मला माहीत होतं. जगात दुसऱ्या कुणाला नसेल इतकं नीट माहीत होतं. पण मी स्वतःला विचारायला लागलो, एका चेंडूने बोट इतकं वाकडं होईल? आधीपासूनच वळत असेल तर? तो कधी कळवळला नाही, म्हणजे त्यालाही लागत नव्हतं की काय? जसजसा हा विचार पक्का होत गेला तसतसं मला हलकं वाटायला लागलं. रोगाने त्याचं बोट वाकवलं असेल, तर ते मी मोडलं नव्हतं. उलट त्यानेच मला हे दिलं होतं. मी एकाच दुपारी आरोपीच्या पिंजऱ्यातून उठून फिर्यादीच्या जागेवर जाऊन बसलो.

स्टेशनजवळच्या बूथवरून मी कंपनीच्या मॅनेजरला फोन लावला. खांद्यामुळे परत येत नाही म्हणून सांगितलं. तो हळहळला. फोन ठेवायच्या आधी मी म्हटलं, "एक बात है. बस्त्याव का हाथ एक बार डॉक्टर को दिखा दो. मैं कुछ बोलता नहीं. बस दिखा दो."

"क्यूं? क्या है हाथ को?"

"मैंने कुछ नहीं बोला, साहब."

गुगली अशीच टाकतात. हात एक सांगतो आणि चेंडू दुसरीकडे जातो.

*

गोळ्यांनी अंगाचा रंग काळवंडला. आधीच सांगितलं होतं, नंतर उतरतो म्हणून. पण बिल्डिंगमध्ये चर्चा सुरू झाली. समोरच्या शाहभाभी जिन्यात म्हणाल्या, "भाई, लोग दुबई जाके गोरे होके आते हैं, आप तो एकदम श्याम हो गये!" आमच्या बिल्डिंगला सगळं आखात म्हणजे दुबईच. मी हसलो आणि घरी येऊन सुनंदाला विचारलं, "तू भाभींना काही बोललीस?"

"कशाबद्दल?"

मी चपला काढून आत गेलो.

मग मी कपांवर पाळत ठेवायला लागलो. स्वयंपाकघरात आमचे चहाचे ग्लास होते, काचेचे, सगळे एकसारखे. अचानक मला चहा एका जाड निळ्या कपात यायला लागला. ती आणि केतकी ग्लासातूनच प्यायच्या. म्हणजे हिला कळलंय आणि माझं भांडं वेगळं झालंय. मी परीक्षा घेतली. ती गॅसकडे वळली तेव्हा कप तिच्या पुढ्यात सरकवला आणि ग्लास स्वतःकडे घेतला. ती वळली, निळ्या कपातून दोन घोट प्यायली आणि माझ्या हाताकडे बघून किंचाळली, "अहो, ठेवा तो! बोटं भाजतायत तुमची!"

ग्लास कडकडीत होता. मी तो घट्ट धरून बसलो होतो.

तिने माझा हात नळाखाली धरला. पाणी तसंच चालू ठेवून, माझ्याकडे न बघता म्हणाली, "ग्लासने दोनदा भाजलात. तुम्हाला कळलंसुद्धा नाही. म्हणून तो कप काढला, त्याचा कान मोठा आहे. पॅडमध्ये गोळ्या आहेत त्या मी बघितल्यात. आता सांगा. तिकडे काही करून आलात का?"

मला आधी समजेना. मग समजलं. परदेशातून परतलेला नवरा, लपवलेल्या गोळ्या, झोपायला वेगळी चादर. केतकी शाळेत गेली की ती रोज एड्सच्या विचाराने रडत होती, हे तिने नंतर सांगितलं. माझ्याकडे बघताना ती मला जे समजत होती, ते मी तिच्या डोळ्यांत महिनाभर वाचत होतो आणि त्याचा अर्थ भलताच लावत होतो.

मी तो शब्द उच्चारला. पहिल्यांदा. तिने नळ बंद केला.

"एवढंच?" ती म्हणाली, आणि ओट्याला टेकून हसायलाच लागली, मग रडायला, मग पदराने नाक पुसून परत हसायला. "अहो, एवढंच ना?"

दुसऱ्या दिवशी ती स्वतःहून केतकीला घेऊन दवाखान्यात गेली. दोघींच्या अंगावर काही नव्हतं. सिस्टर तिला म्हणाली, "हे काय, तुमचे मिस्टर तर म्हणाले एकटेच राहतात." हे मला घरी येऊन सांगताना सुनंदा हसली नाही.

*

मध्यंतरी हाताची नस सुजली आणि मला भरती केलं. वॉर्डमध्ये खाटा भिंतीला लावलेल्या. सकाळी वितळलेल्या कोमट मेणात हात बुडवायचा, मग तेल चोळून बोटं सरळ करायची, मग चहा, मग राउंड. दुपारी सगळे आपापल्या हातापायांकडे बघत पडायचे, कुठे नकळत लागलंय का ते शोधत. आधी हे मला भयंकर वाटलं. पुढे मीसुद्धा शेजाऱ्याला हाक मारून सांगायला लागलो, "काका, टाच बघा तुमची, खिळा लागलाय." ते म्हणायचे, "बरं झालं सांगितलंस. पायाला चुगली करता येत नाही ना आता."

एका दुपारी खाटेच्या पायथ्याशी बस्त्याव उभा होता. हातात मोसंब्यांची पिशवी आणि वर्तमानपत्रात बांधलेले सुके बोंबील, ज्यांचा वास सगळ्या वॉर्डभर झाला.

याला कळलंय. याला मॅनेजरने सांगितलं. हा सगळ्यांसमोर बोलणार.

"वैनींनी सांगितला, नस सुजली म्हनून," तो म्हणाला आणि खाटेवर बसला. सुनंदाने त्याला वॉर्डचा नंबर दिला होता, रोगाचं नाव सांगितलं नव्हतं. तो मोसंबं सोलायला लागला. वाकड्या करंगळीने साल मस्त उचलली जायची त्याची.

"तू इकडे कसा?" मी विचारलं.

"आलाव कायमचा." मग त्याने सांगितलं. कंपनीने त्याला अचानक डॉक्टरकडे पाठवलं. हात उलटसुलट बघितला. कागद चांगला आला. पण तोवर खोलीतल्या पोरांनी त्याची गादी बाहेर काढली होती. त्याचं ताट वेगळं केलं. संघात त्याचे ग्लोव्हज कुणी हातात घेईना, चेंडू त्याच्याकडून आला की पँटला पुसायला लागले. "कुनी तरी आग लावली, दिगू. मना कलत न्हाय कोन. मी कोनाचा काय वाकडा केला?" शेवटी तो स्वतःच निघून आला. आता भावाबरोबर होडीवर जात होता.

एक फोड त्याने माझ्या तोंडाशी धरली. मी खाल्ली.

मी त्याला तेव्हाही सांगितलं नाही. उलट तो गेल्यावर पहिला विचार काय आला असेल? याचा कागद चांगला आला हे खरं कशावरून.

*

घरी आल्यावर सिस्टरचं वाक्य मला सोडेना. गेल्या काही वर्षांत कुणाबरोबर राहत होतात? त्या खोलीत रोग एकाच माणसाच्या अंगात होता. आणि आम्ही त्या वर्षांत एकाच स्टोव्हवर, एकाच पंख्याखाली होतो. त्याची तिकडची तपासणी झाली ती फक्त हाताची, माझ्या चुगलीवरून. पाठीवर, मांडीवर डाग असेल तर? त्याची बायको, दोन मुलगे. तो होडीवर दोर ओढतो. बोटं गेली तर तो काय ओढणार?

त्याला तपासायला नेणं म्हणजे माझा रोग सांगणं. आणि रोग सांगितला की फोन कुणी केला ते सांगायची गरजच पडणार नव्हती, तो समजणार होता.

मी सुनंदाला फोनची गोष्ट सांगितली. ती भाजी निवडत होती. निवडलेली मेथी तिने बाजूला ठेवली आणि म्हणाली, "त्याने मला फोन करून विचारलं होतं, दिगूच्या हाताला काय चालेल खायला." मग उठली. "चला. मी येते. पण बोलायचं तुम्ही."

उत्तनच्या बसने पालीला गेलो. बस्त्याव अंगणात जाळं सांधत होता. सुनंदाला बघून त्याने खुर्ची आणायला हाक मारली. मी उभाच राहिलो.

"बस्त्याव, माझा खांदा नाही गेला. मला कुष्ठरोग झालाय. तुला, वहिनींना, पोरांना एकदा दवाखान्यात यावं लागेल. नुसतं बघायला. माझ्यामुळे."

तो जाळ्याच्या गाठीत सुई तशीच ठेवून माझ्याकडे बघत राहिला. हळूहळू त्याचा चेहरा बदलला.

"मंग त्यांनी माझा हात का बगितला?"

"मी सांगितलं म्हणून."

"तू."

"हो. मला वाटलं तुझ्यामुळे. तुझं बोट..."

"माझा बोट?" तो उठला. डावा हात माझ्या नाकासमोर धरला. "ह्यो? ह्यो तुझ्या चेंडूनं मोडला, गाढवा! तू कॉलर इसरलास तवा!"

"विसरलो नव्हतो," मी म्हटलं. "मुद्दाम नाही लावली. मला वाटलं तू खूण फोडलीस."

त्याने मला मारलं असतं तर बरं झालं असतं. तो परत खाली बसला आणि सुई घेऊन जाळं सांधायला लागला. त्याची आई आतून ओरडली, "कोन आलाय रं?"

"कोन न्हाय," तो म्हणाला.

सुनंदा पुढे झाली. "भाऊ, ह्यांच्याशी बोलू नका. पण तपासायला या. पोरांसाठी या."

त्याने पुढची गाठ घातली. आम्ही निघालो.

*

आला तो. आठवड्याच्या आतच, बायको आणि मुलांना घेऊन. माझ्याकडे बघितलं नाही. सिस्टरने एकेकाला आत घेतलं. मुलं हसतहसत बाहेर आली, पाठीवर पेन फिरवल्यामुळे गुदगुल्या झाल्या म्हणून. त्याच्या बायकोलाही काही नव्हतं. शेवटी बस्त्याव. दार अर्धवट उघडं होतं.

"डोळे मिटा. लागलं की सांगा."

"लागला. लागला. हितं लागला." मग थोडा वेळ शांतता. मी बाकावरून उठलो. "करंगलीला लागला, बाय. जास्ती दाबू नका. जुना मोडलाय, दुकतंय अजून."

त्याच्या बोटाला सगळं कळत होतं. मी मोडलेल्या बोटाला. मी बाकावर परत बसलो आणि सुनंदाने माझा हात धरला, न कळणाऱ्या बाजूने, म्हणून मला ते जरा उशिरा समजलं.

जाताना तो माझ्यासमोर थांबला. "माफ न्हाय केला तुला," म्हणाला. "सांगून ठेवतंय."

*

माझा संशय औषधांनी गेला नाही. अजून कुणी हात मिळवायला क्षणभर थांबलं तर मी त्याचा चेहरा वाचतो. फरक इतकाच, की आता विचारून टाकतो. बहुतेक वेळा त्या माणसाचे हात ओले असतात.

डॉक्टरांनी बोटांना व्यायाम म्हणून चेंडू धरायला सांगितला होता. ओहोटीला पालीच्या किनाऱ्यावर वाळू टणक होते. मी तिथे एकटाच एका मोडक्या पेटीवर बोलिंग करायचो. चेंडू वळायचा नाही फारसा. आणायला मलाच जावं लागायचं. एक दिवस पेटीमागून चेंडू परत आला. बस्त्याव उभा होता, ग्लोव्हज न घालता. मी परत टाकला.

आता आठवड्यातून एकदा तो येतो. मी प्रत्येक चेंडूआधी सांगतो काय टाकणार ते. लेगब्रेक असेल तर कॉलरला हात लावत नाही, गुगली असेल तर सगळ्या किनाऱ्याला दिसेल असा लावतो.

"खरा ना?" तो दर वेळी ओरडून विचारतो.

"खरा."

स्पिनरला कीपर स्टंपांना चिकटून उभा राहतो. माझ्या उमेदीत बस्त्यावचा श्वास बॅट्समनच्या मानेला लागायचा. आता तो पेटीपासून चांगला लांब, फास्ट बोलरला उभं राहावं तसा उभा राहतो. चेंडू दोन टप्पे खाऊन त्याच्यापर्यंत पोचतो.

मी त्याला पुढे ये म्हणत नाही. कॉलर नीट करतो, आणि टाकतो.